रस्त्याचा कार्बन कोणाच्या नावे टाकायचा?

शुभदा_लालबाग

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांब झालाय, सांभाळून घ्या.

मी पेशाने हिशेबनीस. तीस वर्षं लोकांच्या वह्या तपासल्या. जमा-नावे जुळेना की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. गेल्या आठवड्यात 'मुंबई वातावरण कृती आराखडा' आणि महापालिकेचं क्लायमेट बजेट असे दोन्ही कागद समोर ठेवून बसले. आराखडा मार्च २०२२ चा आहे. त्यात २०१९ सालचं शहराचं उत्सर्जन दिलंय, साधारण २.३४ कोटी टन. त्यातला ७२ टक्के वाटा वीज नि इमारतींमधल्या इंधनाचा, २० टक्के वाहतुकीचा, ८ टक्के कचऱ्याचा. उद्दिष्ट असं की २०३० पर्यंत ३० टक्के कपात, २०४० पर्यंत ४४ टक्के आणि २०५० ला निव्वळ शून्य, म्हणजे जेवढं सोडलं तेवढं शोषलंही गेलं पाहिजे. देशाने ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ ला जाहीर केलेलं साल २०७०. म्हणजे आपल्या शहराने आपणहून वीस वर्षं आधीची मुदत घेतली. मला याचं खरंच कौतुक वाटलं.

वाहतुकीचे २० टक्के म्हणजे ढोबळ ४७ लाख टन. पहिलं क्लायमेट बजेट जून २०२४ मध्ये आलं. भांडवली कामांपैकी कुठली कामं वातावरणाच्या दृष्टीने उपयोगाची आहेत, ती वेगळी काढून दाखवली आहेत. चांगलंच आहे. पण ही झाली जमेची बाजू. सागरी किनारा रस्ता, नवे उड्डाणपूल, डोंगराखालचे बोगदे यांनी किती गाड्या वाढतील, त्या किती इंधन जाळतील, त्यांच्या सिमेंट-पोलादाचा कार्बन किती, ही नावेची, म्हणजे खर्चाची, बाजू मला कुठल्याच कागदात सापडली नाही. वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणाऱ्या पुढच्या सागरी रस्त्यासाठी हजारो खारफुटीची झाडं जाणार, ती नोंद तरी कुठे होणार?

एकाच घरात एका वहीत बचत लिहायची आणि कर्ज दुसऱ्या वहीत लिहून ती कपाटात ठेवायची, असं चालेल का? जाणकारांनी सांगावं. मी चुकत असेन तर तेही सांगा.

---

अर्धा_चहा

वाचतोय. पहिल्या रांगेत जागा धरून ठेवली आहे.

---

मोजपट्टी

शुभदाताई, तुम्ही चुकत नाही आहात. पंचवीस वर्षं वाहतूक नियोजनात काढली आहेत, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

हा हिशेब मांडायला जिथून सुरुवात होते ती जागा म्हणजे चौक. नव्याने कामाला लागलो तेव्हा एका सल्लागार कंपनीने आम्हा सहा पोरांना वाहनगणतीला बसवलं होतं. सकाळी सहा ते रात्री दहा. मांडीवर पाटी, पाटीला चिमट्याने लावलेला कागद, कागदावर रकाने: मोटार, रिक्षा, दुचाकी, बस, टेंपो, ट्रक, सायकल, हातगाडी. चार उभ्या रेघा नि पाचवी आडवी. दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ. माझ्या समोरून शाळा सुटल्यावर शेकडो पोरं रस्ता ओलांडून गेली, बायका पिशव्या घेऊन दुभाजकावर खोळंबून राहिल्या. त्यांच्यासाठी कागदावर रकानाच नव्हता. मी विचारलं, तर प्रमुख म्हणाले, "आपल्याला वाहनं मोजायची आहेत."

मग या रेघांचं 'पीसीयू' मध्ये रूपांतर होतं. म्हणजे प्रत्येक वाहन किती मोटारींएवढी जागा खातं. बस साधारण तीन मोटारींएवढी धरतात. आता बघा, साठ माणसांची बस म्हणजे ३, आणि एकेक माणूस बसलेल्या तीन मोटारी म्हणजेही ३. कागदावर दोन्ही सारख्या. तो आकडा पुढे संगणकावरच्या मॉडेलमध्ये जातो, वीस वर्षांनी वाहनं किती होतील ते निघतं, रस्ता अपुरा पडणार असं ठरतं आणि उड्डाणपूल मंजूर होतो. बसने जाणारी साठ माणसं पहिल्याच पायरीवर गळालेली असतात. कार्बनचा विषय निघण्याआधीच निर्णय झालेला असतो.

दुसरं असं की मॉडेल वाहतूक 'वाढणार' हे गृहीत धरतं, रस्त्यामुळे ती 'वाढेल' हे सहसा धरत नाही. ड्युरँटन आणि टर्नर या दोन अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांचा अभ्यास छापला. महामार्गाची लांबी जेवढ्या प्रमाणात वाढली, जवळपास तेवढ्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवास वाढला. मुंबईत आपण नव्वदच्या दशकातले पंचावन्न उड्डाणपूल पाहिले. तेव्हा सायनला जेवढे अडकायचो, आज त्याहून कमी अडकतो असं कोणी सांगावं.

---

पश्चिम_उपनगर

मोजपट्टी, माहिती चांगली आहे. पण मी वेगळं सांगतो, राग मानू नका.

माझ्या आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. आम्ही राहतो अंधेरीला, डॉक्टर आहेत दक्षिण मुंबईत. पूर्वी पेडर रोड, हाजी अली करत दीड-पावणेदोन तास जायचे. परतताना तिला मळमळायचं, मागच्या सीटवर ती खिडकीला डोकं टेकून पडायची. मार्च २०२४ ला सागरी किनारा रस्त्याचा पहिला भाग उघडला आणि वरळीपुढचं अंतर काही मिनिटांवर आलं. पहिल्या दिवशी मलबार हिलखालच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर आई म्हणाली, "पोचलो पण?"

तुम्हाला तो रस्ता म्हणजे नावेची बाजू दिसते, मला माझी आई दिसते. अशी माणसंही धरा हिशेबात.

---

शुभदा_लालबाग

दादा, राग कसला. आईंना नमस्कार सांगा. हे लिहिलंत ते बरं केलंत, कारण अशा निकडीच्या प्रवासासाठी रस्ता मोकळा राहिला पाहिजे हेच तर हवंय. मला भीती एवढीच की पाच-सात वर्षांत तोच रस्ता एकट्यादुकट्या गाड्यांनी भरला, की आईंचे पुन्हा दीड तास होतील आणि शहरावर कर्जही राहील.

---

कोरपना_कडचा

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. हा धागा मुंबईचा, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही म्हणता रस्त्याच्या सिमेंटचा कार्बन कुठल्या वहीत? अहो, तो आमच्या वहीत. गडचांदूर, आवारपूर, माणिकगड हा सगळा सिमेंटचा पट्टा. शहरांच्या उत्सर्जनाचा ताळेबंद ज्या पद्धतीने करतात, त्यात शहराच्या हद्दीत जळालेलं इंधन आणि शहराने वापरलेली वीज धरतात. बाहेरून आणलेल्या सिमेंट-सळईचा कार्बन सहसा धरत नाहीत, तो जिथे तयार झाला तिथला. म्हणजे मुंबईत कितीही किलोमीटर रस्त्यांचं काँक्रिटीकरण होऊ दे, मुंबईचा आकडा हलत नाही. भट्टी आमच्याकडे पेटते. जगाच्या कार्बन उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा सिमेंटचा आहे, ही लहान गोष्ट नाही.

विजेचंही सांगतो. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. उन्हाळ्यात पारा ४६-४७ ला जातो, त्यात राखेची धूळ. आमची आजी सकाळी अंगणात सडा टाकायच्या आधी झाडून काढते, तर सुपात काळी भुकटी जमा होते. मेट्रोचं उद्‌घाटन टीव्हीवर बघताना ती म्हणते, "छान आहे बाप्पा, थंडगार दिसते." तिला तो प्रवास मिळावा असं मला फार वाटतं. पण 'प्रदूषणविरहित' असं वाचलं की पोटात कालवतं.

---

मोजपट्टी

कोरपना, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्याला जोडून थोडं गणित. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा बरोबर आहे.

आपल्या ग्रिडमधली, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यातली, एक युनिट वीज म्हणजे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. डिझेलचा लिटर म्हणजे २.७ किलो, पेट्रोलचा २.३ किलो.

पेट्रोलची मोटार शहरात लिटरला १४ किलोमीटर देते असं धरा. किलोमीटरला १६५ ग्रॅम. विजेची मोटार युनिटला ७ किलोमीटर जाते. किलोमीटरला १०० ग्रॅम. आता डिझेलची जुनी बस, लिटरला ३ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ९०० ग्रॅम. पण आत चाळीस माणसं. माणशी २२-२३ ग्रॅम.

म्हणजे एकटा माणूस नवी कोरी विजेची मोटार घेऊन निघाला, तर तो डिझेल बसमध्ये उभ्याने जाणाऱ्यापेक्षा चौपटीहून जास्त कार्बन सोडतो. विजेची बस घेतली तर आजच्या ग्रिडवर कार्बनचा आकडा डिझेल बसच्या आसपासच येतो. मात्र थांब्यावरच्या माणसाच्या नाकात धूर जात नाही, आणि ग्रिडमध्ये सूर्य-वारा वाढत जाईल तसा हा आकडा आपोआप उतरेल. म्हणून विजेची बस हवीच. पण खरी बचत इंजिन बदलून होत नाही, माणूस गाडीतून बसमध्ये आला की होते. आणि तो येईल की नाही हे थांबा, पदपथ, बसची वारंवारिता ठरवते.

---

अर्धा_चहा

हे गणित शाळेत शिकवलं असतं तर मी पास झालो असतो. चौपट! प्रिंट काढून ऑफिसच्या लिफ्टमध्ये लावतोय.

---

टेकडी_आणि_मी

पुण्याहून हजेरी. आमचं दुःख जरा वेगळं.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. बससाठी रस्त्याच्या मधोमध राखीव मार्गिका. अर्धवट झाली, चुका झाल्या, अपघात झाले, टीका झाली. २०१५ ला संगमवाडी-विश्रांतवाडीची नवी 'रेनबो' आली, ती खूपच चांगली होती. मग नगर रस्त्यावरची मार्गिका काढूनच टाकली. कारण काय, तर 'इतर वाहनांना अडथळा'. मोजपट्टींच्या त्या कागदाची आठवण झाली. बसमधली माणसं मोजलीच नाहीत तर राखीव मार्गिका रिकामीच दिसणार! दोन मिनिटांनी एक बस गेली तरी शेजारी तुंबलेल्या मोटारवाल्याला ती जागा वायाच गेलेली वाटते.

आणि विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवतो का? बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती, २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला. आता तिथे दुमजली पूल आहे. पुलाच्या सिमेंटचा कार्बन पन्नास-साठ वर्षांत वाटून 'परवडतो' असं सांगतात ना? इथे पंधरा वर्षांत डबर झालं. एक पूल बांधला, तो पाडला, त्याजागी दुसरा बांधला. तिन्हींचा कार्बन हवेतच आहे. मेट्रोचा मार्ग आधी ठरला असता तर पहिला पूल तसा उभाच राहिला नसता. वाहतुकीचं नियोजन आणि कार्बन यांचा संबंध कोणी विचारला तर मी त्याला त्या चौकात नेऊन उभं करतो.

---

सायडिंगचा_मधू

थोडं विषयांतर, पण शंभरी झालीय म्हणून लिहितो. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी भारतातली पहिली विजेची गाडी धावली. जग कार्बन हा शब्द ज्या अर्थाने आज वापरतं त्याच्या कितीतरी आधी या शहराने आपली मुख्य वाहतूक विजेवर नेली होती! करोनाच्या आधी रोज ७५ लाखांच्या आसपास लोक लोकलने जायचे. मुंबई परिसराच्या वाहतुकीच्या २००८ मधल्या 'ट्रान्सफॉर्म' अभ्यासात वाहनाने होणाऱ्या फेऱ्यांपैकी साधारण ७८ टक्के लोकल आणि बसने होत होत्या. युरोपातल्या शहरांना हेवा वाटावा असा आकडा.

ट्राम मात्र ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. वडील शेवटच्या ट्रामला गर्दीत उभे होते. तिकीट जपून ठेवलं होतं त्यांनी, पोथीत.

---

गोरेगाव_पूर्व

मधूकाका, आणि जुनी दुमजली डिझेल बस सप्टेंबर २०२३ ला गेली तेव्हा आमच्या पोरांनी वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून शेवटचा फोटो काढला. आता विजेची दुमजली आहे, तीही छान आहे. पण संख्या? बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांहून जास्त गाड्या होत्या. आता भाड्याच्या धरूनही तीन हजारांच्या खाली. मे २०२५ ला किमान भाडं ५ चं १० झालं. शहराची लोकसंख्या वाढली, गाड्या कमी झाल्या, भाडं दुप्पट. ते ७८ टक्के आपल्याकडे आयते होते. ते राखणं हीच सगळ्यात स्वस्त हवामान-योजना होती.

---

सडेतोड_काका

मला एक मूलभूत प्रश्न आहे. मुंबईकराचं दरडोई उत्सर्जन १.८ टन. अमेरिकन माणसाचं त्याच्या सात-आठ पट. त्यांनी दीडशे वर्षं कोळसा-तेल जाळून श्रीमंती मिळवली आणि आता आपण आपल्या रस्त्यांचे ग्रॅम मोजत बसायचं? आधी त्यांना मोजू द्या.

---

पायी_पायी

काका, मी तुमच्याशी अर्धी सहमत आहे. जगाच्या पातळीवर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण १.८ ही सरासरी आहे, तिच्या आत बघा.

मी पालिका शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई चार घरी स्वयंपाकाला जाते. पूर्वी वस्तीच्या तोंडाशी बस यायची, तो मार्ग बंद झाला. शेअर रिक्षाला जायचे-यायचे चाळीस रुपये. म्हणून ती पन्नास मिनिटं चालत जाते, पन्नास मिनिटं चालत येते. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी साडी घेऊन जाते, तिथे पोचून बदलते. तिच्या वाट्याचा वाहतुकीचा कार्बन शून्य. ज्या घरी ती पोळ्या करते त्यांच्याकडे तीन गाड्या आहेत. दोघींची सरासरी काढून आपण म्हणतो, मुंबईकर कमी कार्बन सोडतो.

तिच्या घराखालच्या नाल्याला उधाणाच्या भरतीला पाणी चढतं. म्हणून मला हा हिशेब अमेरिकेला दाखवण्यासाठी नकोच आहे. तिला बस परत मिळावी म्हणून हवा आहे.

---

सडेतोड_काका

पायी_पायी बाई, हे पटलं. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण तुमचा त्याच्या पुढे ठेवतो.

---

फ्योर्डकाठी

ऑस्लोमधून लिहितेय, इथे अकरा वर्षं झाली. मुंबईने क्लायमेट बजेटची कल्पना जिथून घेतली ते हे शहर, म्हणून दोन गोष्टी सांगते.

इथलं पहिलं क्लायमेट बजेट २०१७ सालासाठी होतं. महत्त्वाची गोष्ट अशी की ते पर्यावरण खात्याकडे नाही, अर्थ खात्याकडे आहे. पैशाचं बजेट आणि कार्बनचं बजेट एकाच दस्तऐवजात, एकाच तारखेला मंजूर होतं. कुठल्या खात्याने किती टन कमी करायचे ते लिहिलेलं असतं आणि वर्षभर त्याचा जाब विचारला जातो. शुभदाताईंना आवडेल अशी वही आहे. २००९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ९५ टक्के कपात असं शहराचं लक्ष्य आहे.

दुसरी गोष्ट देशपातळीवरची. मोठ्या शहरांत माणसांचा प्रवास वाढेल तो सगळा सार्वजनिक वाहतूक, सायकल आणि पायी चालण्याने भागवायचा, खासगी मोटारींची वाहतूक वाढू द्यायची नाही, असं २०१२ मध्ये संसदेतल्या पक्षांनी मिळून ठरवलं. त्याला इथे 'शून्य-वाढीचं लक्ष्य' म्हणतात. शहराला सरकारकडून वाहतुकीसाठी पैसे हवे असतील तर करारात हे लक्ष्य मान्य करावं लागतं. शहराभोवती १९९० पासून टोलचं कडं आहे, त्यातला बराच पैसा मेट्रो-ट्राम-बसला जातो. विजेच्या मोटारींनाही आता टोल द्यावा लागतो.

खटकणारी बाजूही सांगते. हा देश तेल-वायू विकून श्रीमंत झाला, अजून विकतो. ते तेल जिथे जळतं तिथल्या वहीत लिहिलं जातं, इथल्या नाही. कोरपनांचं दुःख वाचताना मला हेच आठवत होतं. वहीची हद्द कुठे आखायची, यात सगळं दडलंय.

---

टेकडी_आणि_मी

'पैसे हवे तर लक्ष्य मान्य करा' ही एक अट आपल्याकडे आली तरी पुरे! २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनं हलवण्याऐवजी माणसं हलवा असं लिहिलेलंच आहे. वीस वर्षं होत आली. अट मात्र कधी घातली नाही.

---

वेल्सचा_पाऊस

फ्योर्डकाठींच्या प्रतिसादाला पुरवणी. मी कार्डिफला रुग्णालयात काम करतो. वेल्सच्या सरकारने २०१९ मध्ये न्यूपोर्टजवळचा एम-४ महामार्गाचा मोठा जोडरस्ता रद्द केला. मग सगळ्या प्रस्तावित रस्त्यांची एका समितीकडून तपासणी करून घेतली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यातले बहुतेक मोठे प्रकल्प थांबवले. नवा रस्ता हवा असेल तर त्याने गाड्यांची क्षमता वाढता कामा नये, कार्बन वाढता कामा नये, अशा कसोट्या लावल्या.

सोपं नव्हतं. त्याच वर्षी वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आली, तर साडेचार लाखांहून जास्त लोकांनी विरोधात सह्या केल्या. पुढे सरकारला काही रस्त्यांवर माघार घ्यावी लागली. माझ्या वॉर्डातले सहकारीही चिडले होते. लोकांना पर्याय देण्याआधी वाट बंद केली की ते चिडतात, हे मी जवळून पाहिलं. बसचा विस्तार आधी दिसायला हवा होता.

---

नाखवा_वरळी

इतकी चर्चा झाली, रस्ता ज्या पाण्यावर बांधला त्या पाण्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

आमच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर पडतात त्याच वाटेवर पुलाचे खांब येत होते. दोन खांबांत ६० मीटर. कागदावर ६० मीटर म्हणजे मोठं वाटतं. वारा पश्चिमेचा, लाट आडवी, इंजिन बंद पडलेलं, अशा वेळी होडी किती सरकते ते आम्हाला माहीत. आम्ही काम अडवलं, बैठका झाल्या, आणि २०२२ च्या अखेरीस १२० मीटर मान्य झालं. मागितलं होतं त्याहून कमीच.

इथे सांगायचं कारण वेगळं. आमचा खडकाळ भाग, जिथे कालवं नि शिवंड मिळायची, तिथे भराव पडला. पूर्ण प्रकल्पात शंभर हेक्टरहून जास्त समुद्र भरला. आमची लहान होडी किनाऱ्यालगत मासेमारी करायची, थोडं डिझेल लागायचं. आता लांब जावं लागतं, जास्त डिझेल जाळावं लागतं. रस्त्याने गाड्यांचं इंधन वाचेल असं सांगतात. आमच्या होडीचं वाढलं ते कोण मोजणार?

---

शुभदा_लालबाग

नाखवादादा, हे मला सुचलंच नसतं. टिपून घेतलं.

---

बी_विंग_सचिव

विषयांतर, पण रोजचं. आमच्या सोसायटीची पुनर्बांधणी चालू आहे. नियमानुसार घराच्या आकाराप्रमाणे पार्किंग द्यावंच लागतं. परिणामी पहिले पाच मजले गाड्यांचे. म्हणजे सहाव्या मजल्यापर्यंत माणूस राहतच नाही. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्या तीन कुटुंबांनी 'जागा मिळतेच आहे तर' म्हणून गाडी घेतली. स्टेशन आमच्यापासून चालत नऊ मिनिटांवर आहे!

हा मुद्दा वाहतूक आराखड्यात येत नाही, इमारतीच्या नियमांत येतो. दोन वेगळे विभाग, दोन वेगळ्या फायली.

---

पश्चिम_उपनगर

सगळे प्रतिसाद वाचले. आईलाही वाचून दाखवले. तिला नाखवादादांचं आणि त्या चालत जाणाऱ्या बाईंचं लागलं. ती म्हणाली, "रस्ता झालाय तर त्यावरून बस जास्त सोडायला सांग, मला बसमधून न्यायची असती तरी चाललं असतं." सागरी रस्त्याच्या मूळ कल्पनेत बससाठी राखीव मार्गिका होती ना? मोजपट्टी, माझी आठवण बरोबर आहे का?

---

मोजपट्टी

बरोबर आहे. बससाठी राखीव मार्गिका मूळ मांडणीत होती. जुलै २०२४ पासून तिथून बस जाते, पण राखीव मार्गिकेवर वारंवार धावणारी सेवा म्हणतात ती अजून नाही. रस्ता उभा आहे, तो काही कोणी पाडणार नाही. त्याच्यावर काय धावायचं हे मात्र अजून आपल्या हातात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. शुभदाताईंनी विचारलं, नावेची बाजू कुठल्या वहीत? आजचं उत्तर: कुठल्याच नाही. शहरातल्या रस्त्याला किंवा उड्डाणपुलाला केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली सहसा पर्यावरण मंजुरी लागत नाही. किनाऱ्यावर असेल तर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) लागते, पण तिथेही 'यामुळे पुढच्या तीस वर्षांत वाहतूक किती वाढेल आणि तिचा कार्बन किती' हा प्रश्न मुख्य नसतो.

आणि वर्षागणिक टक्के मोजण्यात एक फसगत आहे. हवेला साल कळत नाही, एकूण साठा कळतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालात तापमानवाढ दीड अंशावर थांबण्याची निम्मी शक्यता हवी असेल तर २०२० पासून पुढे सगळ्या जगाकडे ५०,००० कोटी टनांची शिल्लक दिली होती. जग वर्षाला ४,००० कोटी टनांच्या आसपास उडवतं. म्हणजे बारा-तेरा वर्षांची पुंजी, त्यातली बरीच वर्षं सरली. आज मंजूर होणारा पूल २०५० मध्ये ऐन तारुण्यात असेल. त्यावर गाड्या आणायच्या नसतील तर तो का बांधला, आणि आणायच्या असतील तर निव्वळ शून्य कसं, याचं उत्तर मंजुरीच्या दिवशीच लिहून घ्यायला हवं.

---

शुभदा_लालबाग

मोजपट्टीसाहेब, हेच हवं होतं. मी काल रात्री बसून एक साधा तक्ता केला. कुठल्याही नव्या रस्त्याच्या जनसुनावणीत किंवा हरकती-सूचनांत भरून द्यायचा. बांधकामाचा कार्बन, तो कुठल्या जिल्ह्यात पडणार त्यासकट (कोरपनांसाठी). रस्त्यामुळे वाढणारी वाहतूक. त्याच पैशात किती बस किती वर्षं चालल्या असत्या. जाणारी झाडं, खारफुटी, आणि नाखवादादांच्या होडीचं जास्तीचं डिझेल. शेवटी, हे सगळं शहराच्या क्लायमेट बजेटमध्ये कुठल्या पानावर नोंदवणार. त्यांनी उत्तर दिलं तर वहीत येईल, नाही दिलं तर 'उत्तर नाही' असं तारखेसह वहीत येईल. हिशेबात कोरा रकाना सगळ्यात जास्त बोलतो.

आमच्या भागातल्या उड्डाणपुलाच्या हरकतींची मुदत अजून अठरा दिवस आहे. त्यासोबत चौकातली गणती जोडायची आहे. माणसांची.

---

पायी_पायी

मी येते. नववीतल्या सहा मुली येतील, त्यांच्या पालकांशी बोलून ठेवते. गुरुवारी शाळा सुटायची वेळ धरू, साडेपाच ते साडेसात.

---

मोजपट्टी

मी येतो. तक्ता पाठवतो आज रात्री. पहिला रकाना पायी चालणाऱ्यांचा. त्याच्या शेजारी दुभाजकावर किती वेळ खोळंबले त्याचा. मग बसमधली माणसं, दारात लोंबकळणारी धरून. मोटारी शेवटी.

---

अर्धा_चहा

मी परळचाच. चहा माझ्याकडे लागला, पूर्ण कप. पाट्या किती लागतील?

---

शुभदा_लालबाग

दहा. चिमटे माझ्याकडे आहेत, ऑफिसातले जुने. पेन्सिली आणा, पावसात पेन उमटत नाही.